उलट्या : डोहाळे किती, दुखणे किती?

आषाढ लागला की आमच्या इगतपुरीत दिवस आणि रात्र यांतला फरक कमी होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणारा हा भाग. घाटातून धुके वर चढते, खाचरांत आवणीची घाई असते आणि नेमक्या याच दिवसांत दवाखान्यात एक ठरावीक जोडी येऊन बसते. पुढे सासूबाई, मागे पदराने तोंड दाबून धरलेली सून. सून बोलत नाही. सासूबाईच सांगतात, "डॉक्टर, हिला दिवस गेलेत. पोटात काही ठरत नाही. तसं काही नाही, डोहाळेच आहेत. आम्ही नाही का चार-चार बाळंतपणं काढली? एक सुई मारा, उद्या आवणीला जायचंय."

या बोलण्यातले बरेचसे खरे आहे. पण जे खरे नाही ते कधीकधी जिवावर बेतते. सासूबाईंच्या अशाच एका वाक्यावर विसंबून मी स्वतः एकदा चूक केली आहे. ती पुढे सांगणारच आहे. त्याआधी या उलट्यांची थोडी ओळख करून घेऊ.

हे किती जणींना होते?

दहा गर्भवतींमध्ये सात-आठ जणींना थोडीफार मळमळ होतेच. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्रास सुरू होतो, नवव्या आठवड्याच्या आसपास तो सर्वांत जास्त असतो आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात बहुतेकींचा ओसरतो. थोड्याजणींना तो पाचव्या महिन्यापर्यंत पुरतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करण्याची आपली पद्धत आहे, तोवर बहुतेक मुलींच्या तोंडाची चव परत आलेली असते.

इंग्रजीत याला सकाळचे आजारपण म्हणतात, पण ते नाव फसवे आहे. मळमळ सकाळी जास्त असली तरी दुपारी, संध्याकाळी, अगदी रात्रीही होऊ शकते. 'सकाळी नाही, संध्याकाळीच उलटी होते, म्हणजे काहीतरी वेगळे आहे' असे समजून घाबरू नये. तसेच ज्यांना अजिबात उलटी होत नाही त्यांनीही काळजी करू नये. आणि उलट्या जास्त की कमी यावरून मुलगा की मुलगी हे ओळखता येत नाही. ते ओळखण्यासाठी तपासणी करणे आणि करवून घेणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे 'पित्त झाले' म्हणून येणाऱ्या तरुण स्त्रियांपैकी काहींना प्रत्यक्षात दिवस गेलेले असतात. तोवर त्यांनी पित्ताच्या, डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन झालेल्या असतात. लग्न झालेल्या मुलीची पाळी चुकली असेल आणि पित्त उसळत असेल, तर आधी लघवीची तपासणी करावी. गोळ्यांचे नंतर पाहावे.

कारण पोटात, मनात नव्हे

गर्भ रुजला की वार तयार होऊ लागते आणि वारेतून एक विशिष्ट संप्रेरक आईच्या रक्तात उतरते. लघवीच्या तपासणीत दिवस गेल्याचे कळते ते यामुळेच. हे संप्रेरक नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत वाढते आणि मग उतरते. उलट्यांचा चढ-उतारही साधारण असाच असल्याने दोष बरीच वर्षे त्यालाच दिला जात होता.

अलीकडे या कोड्याचा मोठा भाग उलगडला. जी.डी.एफ.१५ नावाचे एक प्रथिन आहे. ते गर्भाकडून आणि वारेतून मोठ्या प्रमाणात आईच्या रक्तात येते आणि मेंदूतील मळमळीच्या केंद्रावर परिणाम करते. गरोदर राहण्यापूर्वी जिच्या रक्तात हे प्रथिन कमी असते तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला त्रास जास्त होतो. जिच्या रक्तात ते आधीपासूनच भरपूर असते तिला कमी होतो. हे संशोधन डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते करणाऱ्यांत अमेरिकेतील मार्लेना फेझो या संशोधिका होत्या. त्यांनी स्वतः १९९९ मध्ये याच आजारात आपला गर्भ गमावला होता.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. 'हिला सासरी करमत नाही', 'नखरे आहेत', 'कामाचा कंटाळा आहे' असे शेरे उलट्या करणाऱ्या मुलीला सर्रास ऐकावे लागतात. एकेकाळी डॉक्टरही म्हणत, की हिला मनातून मूल नको आहे म्हणून ही उलट्या करते. हे साफ चुकीचे आहे. हिवताप जसा नखरा नाही, तसा हाही नाही. हा त्रास अनेकदा आईकडून मुलीकडे येतो, बहिणी-बहिणींत सारखा दिसतो. तेव्हा सासूबाईंना चार बाळंतपणांत उलटी झाली नसेल, तर ते त्यांचे भाग्य. सुनेच्या शरीराची घडण वेगळी आहे.

घरी काय करावे?

रिकामे पोट आणि गच्च भरलेले पोट हे दोन्ही मळमळीचे मित्र आहेत. सगळे घरगुती उपाय या एकाच सूत्रावर बेतलेले आहेत.

रात्री उशाशी एका डबीत साळीच्या लाह्या, चुरमुरे, फुटाणे, टोस्ट किंवा साधी बिस्किटे ठेवावीत. सकाळी जाग आल्यावर उठण्यापूर्वी, पडल्या पडल्याच, त्यातले थोडे सावकाश चावून खावे. दहा-पंधरा मिनिटे तसेच पडून राहावे आणि मग हळूहळू उठावे. ताडकन उठून, रिकाम्या पोटी चुलीशी बसून दुधाचा चहा घेणे, हा उलटीला दिलेला आवतणाचा विडाच होय.

दिवसातून दोन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन तासांनी थोडे थोडे खावे. आपल्या भागात यासाठी उत्तम पदार्थ आहेत. तांदळाची मीठ घातलेली पेज, नागलीची आंबील, ताकभात, मऊ खिचडी, भाजलेली पोळी किंवा भाकरीचा पापुद्रा, उकडलेला बटाटा, केळे. तळण, तिखट आणि मसाल्याची आमटी काही दिवस बाजूला ठेवावी. या काळात 'सकस' खाण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ अंगठ्याएवढाच असतो, त्याची गरज थोडी असते. जे पोटात टिकते तेच त्या दिवसाचे सकस अन्न.

पाणी जेवणाबरोबर घटाघटा पिऊ नये. मधल्या वेळेत घोट घोट घ्यावे. कोमट पाण्यापेक्षा गार पाणी बहुतेकींना सोसते. लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत, पातळ ताक, शहाळे चालते. उलट्या होत असतील तर क्षारसंजीवनी, म्हणजे ओ.आर.एस.ची पुडी आणावी. ती एक लिटर पाण्यात विरघळवून चमच्याचमच्याने दिवसभर घ्यावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ जास्त घालू नये.

आले ही आपल्या स्वयंपाकघरातली वस्तू या त्रासावर खरोखरच उपयोगी आहे. परदेशांतही त्याच्या चाचण्या झाल्या आणि मळमळ कमी होते असे आढळले. आल्याचा छोटा तुकडा मीठ लावून चघळावा, आलेपाक खावा किंवा दिवसभरात मिळून अर्धा चहाचा चमचा सुंठ दोन-तीन वेळा विभागून घ्यावी. छातीत जळजळ वाढली तर मात्र बंद करावी.

वासाचा त्रास मोठा असतो. फोडणी, चुलीचा धूर, रॉकेल आणि पावसाळ्यात घरोघरी शिजणारे सुकट-बोंबील यांच्या वासानेच उमळून येते. अशा वेळी काही दिवस स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला तर निम्मे औषध घरीच मिळाले असे समजावे. गरम पदार्थाचा वास जास्त येतो, म्हणून अन्न थोडे निवल्यावर खावे.

आवणीच्या वेळी दिवसभर वाकून, ओल्या अंगाने, उपाशीपोटी काम करणे या मुलींना झेपत नाही. जाणे भागच असेल तर फडक्यात लाह्या-फुटाणे आणि बाटलीत सरबत न्यावे आणि तासा-दीड तासाने बांधावर बसून ते खावे. घाटातून प्रवास करताना एस.टी.त पुढच्या बाजूला बसावे आणि वळणावर नजर लांब ठेवावी.

आता गोळ्यांविषयी. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची छोटी गोळी घ्यायची असते आणि ती सहसा सोसते. लोहाची गोळी सरकारी कार्यक्रमातही चौथ्या महिन्यापासून दिली जाते. कोणी ती आधीच सुरू केली असेल आणि तिने मळमळ वाढत असेल, तर डॉक्टरांना विचारून पुढे ढकलावी. पण नंतर विसरू नये.

काय करू नये?

उपास करू नये. आषाढी एकादशी आणि श्रावणी सोमवार नेमके याच दिवसांत येतात. रिकाम्या पोटाने मळमळ वाढते. पोटातल्या जिवासाठी मोडलेला उपास देव मानून घेईल, अशी माझी खात्री आहे.

मशेरी लावू नये. 'मशेरी लावली की मळमळ थांबते' असे सांगून अनेक जणी गरोदरपणातच ही सवय लावून घेतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिचे विष हिरड्यांतून रक्तात आणि रक्तातून बाळापर्यंत जाते. बाळ कमी वजनाचे निपजते.

माती, राख, पाटीवरची पेन्सिल खाण्याची इच्छा झाली तर लपवू नये. कालिदासाच्या 'रघुवंशा'तही सुदक्षिणा राणीला माती खाण्याचे डोहाळे लागतात, इतकी ही गोष्ट जुनी आहे. मात्र अशी इच्छा हे पुष्कळदा रक्त कमी असल्याचे लक्षण असते आणि मातीतून जंत पोटात जातात. रक्ताची तपासणी करून घ्यावी.

दुकानातून 'उलटीची गोळी' आणून देऊ नये. काही वर्षांपूर्वी एका मुलीला रात्री माझ्याकडे आणले होते. मान एका बाजूला वळलेली, डोळे वर गेलेले, जीभ बाहेर. घरच्यांना वाटले, बाहेरची बाधा झाली. अंगारा लावून, लिंबू उतरवून झाले होते. चौकशी केली तेव्हा कळले, की उलटी थांबेना म्हणून कोणीतरी दिलेल्या गोळ्या तिने दिवसभरात पाच-सहा घेतल्या होत्या. उलटीवरच्या काही औषधांनी तरुण मुलींच्या स्नायूंना अशी पीळ पडते. एका इंजेक्शनने अर्ध्या तासात ती नीट बसून बोलू लागली. औषध वाईट नव्हते, ते विचारल्याविना आणि मोजल्याविना घेणे वाईट होते.

औषधाची भीती

याच्या उलट टोकाची माणसेही भेटतात. सुशिक्षित घरांत तर फारच. 'गरोदरपणात औषध नकोच, बाळाला व्यंग येईल.' ही भीती उगाच आलेली नाही. १९५७ मध्ये तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध झोपेसाठी बाजारात आले आणि गर्भवतींच्या मळमळीवरही दिले जाऊ लागले. त्यामुळे अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या व्यंगासह जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीत मागे घेण्यात आले. अमेरिकेत डॉ. फ्रान्सिस केल्सी या महिला अधिकाऱ्याने पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली आणि तो देश मोठ्या अनर्थातून वाचला.

पण या गोष्टीचा दुसरा अध्याय फारसा कोणाला ठाऊक नसतो. डॉक्झिलामाइन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, या जोडीचे औषध अमेरिकेत १९५६ पासून वापरात होते. थॅलिडोमाइडच्या धास्तीने त्याच्यावरही खटले भरले गेले आणि १९८३ मध्ये कंपनीने ते बंद केले. पुढे लक्षावधी गर्भवतींची माहिती तपासली तेव्हा त्याने व्यंग येत नाही असेच दिसले. दरम्यान उलट्यांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मात्र वाढले होते. २०१३ मध्ये त्याच औषधाला तिथे पुन्हा मान्यता मिळाली. आपल्याकडे ही जोडगोळी मिळते, स्वस्त आहे आणि घरच्या उपायांनी भागले नाही तर प्रथम तीच दिली जाते. झोप येते, म्हणून ती बहुधा रात्री घेतात. किती आणि केव्हा, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. तिने भागले नाही तर पुढची औषधेही आहेत. औषध लागणे यात आईचा कमीपणा नाही.

माझी चूक

बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यातली संध्याकाळ, दवाखान्यात दाटी. एका पाड्यावरची विशीतली मुलगी सासूबरोबर आली. अडीच महिने झालेले. सासू म्हणाली, डोहाळे आहेत. मीही नाडी पाहिली आणि म्हणालो, "डोहाळेच आहेत, आणखी तीन आठवडे काढा." गोळ्या दिल्या आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

पाचव्या दिवशी चार माणसांनी तिला झोळीत घालून ओढा ओलांडून रस्त्यापर्यंत आणले आणि तिथून जीपने माझ्याकडे. डोळे खोल गेलेले, जीभ लाकडासारखी कोरडी, नाडी बोटाला लागेना. नवरा म्हणाला, काल सकाळपासून लघवीच झाली नाही. सलाइन लावले आणि त्याच जीपने तिला नाशिकला पाठवले. ती वाचली. गर्भही राहिला, माघात मुलगी झाली. पण यात माझे कर्तृत्व काही नाही. ओढ्याला पाणी थोडे जास्त असते, तर ती माझ्यापर्यंत पोचलीच नसती.

पहिल्या दिवशी मी तिला एकच प्रश्न विचारायला हवा होता : "आज लघवीला किती वेळा झाली?" तो विचारला नाही. त्या दिवसापासून उलट्यांची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गर्भवतीला मी आधी हाच प्रश्न विचारतो आणि तिचे वजन करतो.

दुसऱ्या खेपेला तीच मुलगी पाळी चुकल्यावर आठवडाभरातच आली. ज्यांना एकदा तीव्र त्रास झाला त्यांना पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. या वेळी मळमळ सुरू होताच गोळ्या चालू केल्या, दर आठवड्याला वजन केले. सलाइनची वेळ आली नाही.

शंभरात एखाद-दुसरीच्या उलट्या या थराला जातात. सलाइन नव्हते त्या काळात यात बायका दगावत. 'जेन एअर' लिहिणारी विलायतेची प्रसिद्ध लेखिका शार्लट ब्राँटी ३१ मार्च १८५५ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच गेली. दाखल्यावर क्षय लिहिला होता, पण तिच्या अनेक चरित्रकारांच्या मते कारण या उलट्याच होत्या. आज एवढ्यावरून कोणी मरू नये.

घरी थांबू नका, जेव्हा—

• चोवीस तासांत अन्न किंवा पाणी काहीच पोटात टिकले नाही;
• आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा झाली ती गडद आणि थोडी झाली;
• वजन वीस भागांत एक भाग उतरले, म्हणजे ४५ किलोची मुलगी सव्वादोन किलोने घटली;
• उभे राहताच भोवळ येते, ती असंबद्ध बोलते, एकाचे दोन दिसतात किंवा चालताना तोल जातो;
• उलटीत रक्त, ताप, पोटात दुखणे, लघवीला जळजळ, डोळे पिवळे किंवा अंगावरून रक्त जाणे यांपैकी काही आहे;
• उलट्या तिसरा महिना संपल्यानंतर प्रथमच सुरू झाल्या.

शेवटच्या दोन प्रकारांत उलट्यांचे कारण वेगळेच असू शकते : मूत्रमार्गाचा दाह, कावीळ, हिवताप, आंत्रपुच्छाचा दाह. तीव्र उलट्यांत सोनोग्राफीही करावी लागते, कारण जुळे किंवा द्राक्षगर्भ असेल तर त्रास जास्त होतो.

सलाइनविषयी दोन शब्द. 'अशक्तपणा आहे, ग्लुकोजची एक बाटली लावा' हा आग्रह नेहमीचा. तीन-तीन आठवडे उलट्या झालेल्या बाईच्या अंगातला ब-१ जीवनसत्त्वाचा साठा संपत आलेला असतो. आपण भात खाणारी माणसे, त्यातून गिरणीत पांढराशुभ्र केलेल्या तांदळात ब-१ आधीच कमी. अशा वेळी ब-१ चे इंजेक्शन न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून कोणते सलाइन, किती आणि आधी काय, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. बाटली म्हणजे टॉनिक नव्हे.

गर्भवतीसाठी १०२ आणि १०८ या क्रमांकांच्या रुग्णवाहिका विनामूल्य आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते, ती २०१६ पासून सुरू आहे. पाड्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढण्याची वाट पाहू नये. आशाताईंना आधी कळवून ठेवावे. गरज वाटल्यास मुलीला चार दिवस रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे ठेवावे.

सासूबाईंना माझी एकच विनंती आहे. सून उलट्या करीत असेल तर तिला आवणीला पाठवण्यापूर्वी तो प्रश्न विचारा, "आज लघवीला किती वेळा झाली, बाळ?" सकाळपासून दुपारपर्यंत एकदाही झाली नसेल, तर ते डोहाळे नाहीत. चार बाळंतपणे काढलेल्या बाईकडे अनुभव असतो. तो या प्रश्नाच्या कामी आला, तर मला झोळीतून कोणी येण्याची वाट पाहावी लागणार नाही.